डेटा जाऊन राहिला

माझा धंदा कोणी विचारला की मी नहराचं, म्हणजे कालव्याचं, उदाहरण देतो. नहराला पाणी सुटतं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती गेलं, मध्येच कोणी पाळ फोडून आपल्याकडे वळवलं का, हे बघायला काठावर एक माणूस बसलेला असतो. तो माणूस मी. फरक एवढाच की माझा नहर पुण्यात आहे, बांधी नागपुरात, आणि मी बसतो तिरोड्यात, घराच्या माडीवर, बनियन घालून. पाण्याच्या जागी डेटा. दूरच्या सर्व्हरवरून किती डेटा निघाला, कुठे चालला, कोण जास्त ओढतोय, हे मला स्क्रीनवरच्या एका हिरव्या रेघेवरून कळतं. रेघ चढली की वाहतूक वाढली, उतरली की कमी झाली. रेघ पूर्ण तळाला टेकली की काय झालं असं समजायचं, हे मला फार नीट माहीत आहे अशी माझी समजूत होती.

बायकोला हा धंदा कधी पटला नाही. "दिवसभर रेघ पाहून राहिले तुमी, जी," ती म्हणते. "रेघेनं तुमाले पाहिलं का कधी?"

पाहिलं. एका मे महिन्यात दुपारी पाहिलं, आणि चांगलं डोळे वटारून पाहिलं.

देवरीकडच्या रस्त्याला एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरबाई सिकलसेलचं काम करतात. आमच्या भागात हा आजार कोणाच्या घरी उघड असतो, कोणाच्या घरी रक्तात दडून बसलेला. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि धडधाकट माणूस हाडं धरून ओरडायला लागतो. बाईंनी गावोगाव फिरून माणसं तपासली. त्यांचे सगळे रिपोर्ट स्कॅन करून पुण्याच्या एका कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचं काम माझं. मी ते मन लावून केलं. इतकं मन लावून, की स्कॅनर सगळ्यात वरच्या दर्जावर ठेवला. एकेक पान असं जड झालं की त्याचं पोस्टर करून चौकात लावता आलं असतं. कागदावर पडलेला चहाचा डागसुद्धा ताजा दिसायचा. पुढे मूळ कागदांना वाळवी लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं झालं तू ठेवलेस." मी मान डोलावली. दुसरी एक प्रत काढून ठेवायची आहे, असं मी त्यांना दर भेटीत सांगत असे. फार आत्मविश्वासानं सांगत असे.

पुण्याच्या सर्व्हरचा भाडेकरार संपत आला आणि आम्ही नागपूरला स्वस्त जागा घेतली. सामान इकडून तिकडे हलवायचं, एवढंच काम. पण जुन्या सर्व्हरला महिन्याचा डेटा ठरवून दिलेला होता, राशनसारखा. तो संपला की लाइन बंद होत नाही, पण नळाला शेवटचं पाणी यावं तशी ठिबकत राहते. हा कोटा सांभाळणं हेच तर माझं काम! आणि मी काय केलं? सामान नीट हलतं का हे पाहायला आधी तालीम घेतली. मग खात्री करायला अजून एक तालीम, आणि दोन्ही वेळा तिकडे पोचलेलं पुसूनही टाकलं. कोटा संपत आला की फोन वाजेल अशी सोयही मीच करून ठेवली होती. पण ती इतकी हळवी केली होती की फोन दर घडीला किंचाळायचा. बायको वैतागली, मी आवाज बंद केला. मग कोटा गुपचूप संपला, आणि जे काम आदल्या दिवशी व्हायचं ते शेवटच्या दुपारपर्यंत रेंगाळत आलं. संध्याकाळी सर्व्हर परत करायचा होता. त्यांचं दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

दुपारी मी माडीवर रेघेसमोर बसलो होतो. कूलर गरम वारा फेकत होता. गच्चीवरून वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, त्यांच्याकडे बघून मी मनातल्या मनात हात जोडत होतो की आज तरी लाइट जाऊ देऊ नका. गावांचे गठ्ठे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं चालले होते: आमगाव गेलं, चिचगड गेलं, देवरी गेली. सालेकसा लागलं होतं. माझं तिरोडा सगळ्यात शेवटी. हिशेब जेमतेम बसत होता, पण बसत होता.

तेवढ्यात मला चोर दिसला.

मोठ्या रेघेच्या बुडाशी एक बारीक पिवळी रेघ उठली. आमच्या सर्व्हरवरून कोणीतरी वेगळंच काहीतरी ओढत होतं. आधीच ठिबकणारा नळ, आणि त्याला कोणी तोंड लावून बसलेला! माझ्या अंगात नहरावरचा चौकीदार संचारला. कोण आहे, कुठला आहे, हे विचारायच्या आधी मी त्या लाइनला चिमटा लावला. म्हणजे पूर्ण तोडली नाही, पण इतकी आवळली की थेंब थेंबच यावा. हिरवी रेघ लगेच वर सरकली. मी स्वतःवर खूश झालो.

फोन वाजला. डॉक्टरबाई.

"काय रे बाबू, तुझा सर्व्हर मेला का?"

"नाही मॅडम, सामान हलवणं चालू आहे. आज काही उघडू नका, लाइन बारीक आहे."

"उघडू नको म्हणजे? माझ्याकडे सालेकशाकडची एक बाई आली आहे. तेंदूपत्ता तोडायला गेली, उन्हात पाणी प्यायली नाही, आता हाडं धरून विव्हळते आहे. रक्त फार खाली गेलंय. पिशवी लावावी लागेल."

"मग लावा ना मॅडम."

"लावा ना! हिला आधी रक्त चढलेलं आहे. त्यानं हिच्या अंगात काही रक्तांशी वैर तयार झालंय. कोणत्या, ते नागपूरच्या एका रिपोर्टात लिहिलं आहे, आणि तो तुझ्या त्या सर्व्हरवर आहे. नवीन तपासणी करायची तर नमुना नागपूरला पाठवावा लागेल, तेवढा दम नाही हिच्यात. चुकीचं रक्त गेलं तर मी इथे बसून काय बघू?"

पलीकडून, खोलीच्या आतल्या बाजूनं, कोणीतरी दातांवर दात धरून कण्हत होतं. तो आवाज फोनमधून येत होता.

"मघापर्यंत पान वरून खाली नीट उतरून राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "एकदम कोणीतरी नरडं दाबल्यासारखं झालं."

ते कोणीतरी बनियनवर बसलं होतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती.

"बघतो मॅडम. लगेच सुटेल."

"तिचाच कागद आधी पाठवता येत नाही का?"

"नाही मॅडम," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "मध्ये तोडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं." हे धादांत खोटं होतं. एका ओळीच्या आज्ञेत तो कागद वेगळा निघाला असता. पण मला ते तेव्हा सुचलं नाही, आणि जे सुचत नाही ते होतच नाही, असं सांगायची मला सवय आहे.

फोन ठेवला आणि चिमटा काढायला बोट खाली नेलं. तेवढ्यात पुन्हा घंटी. पुण्याच्या कंपनीतल्या मॅडम. फार सभ्य बाई. आवाज असा की जणू सकाळी इस्त्री करूनच घराबाहेर काढतात.

"नमस्कार सर. आपल्या सर्व्हरबद्दल फोन केला होता. तुमचा डेटा गेला का सगळा?"

आता इथे थोडं थांबून माझ्या भाषेची कुंडली सांगायला हवी. मी पुण्यात काही वर्षं शिकलो. तिथे राहून मी माझी जीभ पार धुऊन घेतली. 'काऊन'चं 'का' केलं, 'कायले'चं 'कशाला' केलं. पुण्याच्या फोनवर माझी भाषा ऐकून बायको पदर तोंडाला लावते. पण ताण आला की ती भाषा तशीच सोडून जीभ घरी पळते, चप्पलसुद्धा घालत नाही. डोळे पिवळ्या रेघेवर, कानात ते कण्हणं, बोट चिमट्यावर. आणि मी म्हणालो,

"हो मॅडम, जाऊन राहिला."

"नक्की ना? तिकडे जाऊन राहिला?"

"हो हो. मस्त जाऊन राहिला. काही काळजी नाही."

"छान. मग मी आमच्या बाजूनं पुढचं करून घेते."

"करा करा," मी म्हणालो. पुढचं म्हणजे काय, हे विचारलं नाही. फोन ठेवला, चिमटा काढला. पिवळी रेघ उसळून वर आली. मला हायसं वाटलं. देवरीच्या रस्त्यावर पान भराभर उतरत असणार.

आणि मग दोन्ही रेघा एकदम खाली आल्या. हिरवीही, पिवळीही. तळाला टेकल्या आणि तशाच पडून राहिल्या.

मी काय करावं? मी टाळी वाजवली. "झालं!" असं ओरडलो. सामान पोचलं, पान उतरलं, दोन्ही कामं एकदम फत्ते! नहराच्या काठावर वाढलेला मी. पाणी थांबलं म्हणजे बांधी भरली असं नसतं, वर कोणीतरी दार पाडलेलं असू शकतं, हे मला चालायला लागलो तेव्हापासून ठाऊक. पण स्क्रीनवर संपलेलं आणि थांबलेलं अगदी सारखं दिसतं, आणि त्यातलं आपल्याला आवडेल ते माणूस धरतो.

"अवं, चहा दे वं!" मी जिन्यात तोंड घालून ओरडलो.

"आणून राहिली जी!" खालून उत्तर आलं.

मी जिन्याकडे पाहिलं. चहा नव्हता. बायकोही नव्हती. खाली गॅसच्या लायटरचा टक् टक् आवाज येत होता. अजून शेगडीसुद्धा पेटली नव्हती.

आणून राहिली. म्हणजे अजून आणलाच नाही.

मग जाऊन राहिला म्हणजे?

आमच्या इकडे जाऊन राहिला म्हणजे चालला आहे, अजून वाटेत आहे. पुण्यात जाऊन राहिला म्हणजे गेला, पोचला, तिथेच बिऱ्हाड केलं. मी पुण्याचा सर्व्हर उघडून पाहिला. उत्तर नाही. पुन्हा पाहिला. उत्तर नाही. सभ्य बाईंनी मला दोनदा विचारून, माझी दोनदा परवानगी घेऊन, तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुसायला घेतला होता.

नागपूरचा उघडला. आमगाव होतं, चिचगड होतं, देवरी होती. सालेकसा अर्धंच. त्या अर्ध्यात मी त्या बाईचं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर. नव्हतं. तिरोडा तर सुरूच झालं नव्हतं.

मी पुण्याला फोन लावला. "मॅडम, थांबवा! जाऊन राहिला होता, गेला नव्हता!"

"सर, तुम्हीच म्हणालात जाऊन राहिला."

"म्हणजे जात होता!"

त्या बाईंचा इस्त्रीचा आवाज पहिल्यांदा चुरगळला. "अरे देवा. थांबवते सर... सर, फार पुढे गेलंय. नाही येणार ते परत."

त्यांना बोल लावायला जागाच नव्हती. मी फोन ठेवला, आणि तो हातातच पुन्हा वाजला. डॉक्टरबाई.

"पान पुन्हा थांबलं. मी एकदा बंद करून उघडून बघते—"

"नका!" मी असा ओरडलो की खालून बायको धावत वर आली. "मॅडम, हात वर करा! माऊसला हात लावू नका, कशाला हात लावू नका!"

"काय झालं?"

"जे दिसतं आहे तेवढंच शिल्लक आहे. बंद केलंत तर तेही जाईल."

बाईंनी माऊस सोडला. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, आणि त्यानं मी जास्त घाबरलो. मोबाइल स्क्रीनसमोर धरून त्यांनी दोन-तीन फोटो काढल्याचे आवाज मला ऐकू आले. मग त्या वाचायला लागल्या. पान वरून उतरत आलं होतं, पडदा सोडावा तसं. खालचा भाग नुसता राखाडी होता.

"नाव आहे... रक्तगट आहे... हां. दोन वैरी आहेत. पहिलं नाव पूर्ण दिसतं."

"आणि दुसरं?"

"त्याच ओळीवर तुझा पडदा अडला आहे. अक्षरांची नुसती डोकी दिसून राहिली."

मी डोळे मिटले. चिमटा लावला नसता तर ओळ पूर्ण उतरली असती. पानच पूर्ण उतरलं असतं.

"अक्षर ओळखता येतं का मॅडम?"

"येतं. इंग्रजी सी आहे. पण लहान का मोठा?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडतो का म्हणतो... रक्त बदलतं, बाबू. मोठा असेल तर एक पिशवी, लहान असेल तर दुसरी. आणि डोकं दोघांचंही गोलच."

आत ती बाई एकदा जोरात ओरडली आणि मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात सांडशी होती, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मॅडम," मी म्हणालो, आणि त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपणाचं वाक्य तेच असावं, "त्याच ओळीत शेजारी एखादं मोठं अक्षर असेल ना? त्याच्यापेक्षा हा उंच आहे का बुटका?"

"थांब."

नंतर बाईंनी सांगितलं की हाताशी पट्टी नव्हती म्हणून त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून स्क्रीनला आडवा लावला. एका मोठ्या अक्षराच्या डोक्याला टेकवला आणि सरळ रेषेत त्या सीपर्यंत नेला. माझ्या पोस्टरएवढ्या स्कॅनमध्ये अक्षरं बोटाएवढी होती. मला तेव्हा फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बुटका," त्या म्हणाल्या. "याचं डोकं चांगलं खाली आहे. लहान सी. नक्की."

आणि फोन कट. त्या गोंदियाच्या रक्तपेढीला फोन लावायला लागल्या होत्या.

ती संध्याकाळ कशी गेली ते सांगवत नाही. चहा आला, त्यावर साय धरली. बायकोनं तो उचलून नेला, दुसरा आणला, त्याच्यावरही धरली. मी मेलेल्या रेघेसमोर बसून राहिलो. रक्तपेढीवाल्यांनी आधी त्या बाईच्या रक्ताचा नमुना मागवून जुळवून पाहिला. काय शोधायचं ते माहीत होतं म्हणून योग्य पिशवी हाताला लागली, असं नंतर कळलं. दिवे लागायच्या वेळेला बाईंचा फोन आला.

"पिशवी लावून राहिलो, बाबू."

मी एकदम उठून उभा राहिलो. "लावून राहिले का लावली, मॅडम?"

पलीकडे बाई पहिल्यांदाच हसल्या. थकलेलं हसणं होतं. "लावली. थेंब पडताना माझ्या डोळ्यांनी पाहून राहिली. आता ऐक. सालेकशाचे अर्धे आणि तिरोड्याचे सगळे गेले ना?"

"गेले."

"म्हणजे जाऊन राहिले?"

"नाही मॅडम. गेले."

"मग पुन्हा काढायचे. तू येणार माझ्यासोबत. प्रत्येक गावात."

खाली जेवताना बायको म्हणाली, "त्या पुण्याच्या बाईचा कायचा दोष? ते पुण्यात जाऊन राहिलेले लोकं. त्याईले तुमचं जाऊन राहणं कसं समजंल?" मग वाटीत वरण टाकताना हळूच, "ते बाई वाचली न जी?" मी हो म्हणालो. मग ती हसली, आणि मला पोटभर हसू दिलं.

तेंदूपत्त्याचा हंगाम उरकल्यावर सालेकशाला शिबिर लागलं. मी रेल्वेनं गेलो. बाईंनी माझ्यासमोर टेबल मांडलं, आलेल्या माणसाच्या नावापुढे खूण करायचं काम दिलं, आणि सगळ्यांसमोर आधी माझंच बोट टोचलं. "याचाही रिपोर्ट यानंच हरवला आहे," असं त्यांनी जाहीर केलं. रांगेतून हशा उसळला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मागं बी दिलं व्हतं रगत. ते कुठी गेलं?" मी म्हणालो, "माझ्याजवळच होतं बाबा." तो म्हणाला, "पिऊन घेतलं का?"

रांगेच्या शेवटी, आंब्याच्या सावलीत, एक पोरसवदा बाई बसली होती. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. तीच. चेहरा अजून पिवळट होता, पण शेजारणीशी बोलणं खणखणीत चाललं होतं. ती उठून जवळ आली आणि मला वरून खाली पाहिलं.

"तुमीच का जी ते? माझा कागद अडवून धरनारे?"

"हो," मी म्हणालो.

"काऊन अडवला?"

मी चिमटा, कोटा, रेघ, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मी तुम्हाला चोर समजलो."

ती इतकी हसली की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. मग पाणी प्यायला पाणपोईकडे गेली. हे बरं केलं, बाईंनी तिला पाणी पीत राहायला बजावलंच होतं. तेवढ्यात तिचा नंबर आला. बाईंनी हाक मारली.

"येऊन राहिली, मॅडम!" पाणपोईवरून आवाज आला.

माझं पेन तिच्या नावावर पोचलं होतं. मी ते उचलून धरलं. ती ग्लास विसळून, पदराला हात पुसून, समोरच्या खुर्चीत नीट बसली. तिनं बोट पुढे केलं. तेव्हा खूण केली.